तालुक्याच्या गावातून डिझाइन पुरस्काराकडे: विदर्भातल्या ग्राफिक डिझायनरसाठी सविस्तर मार्गदर्शन

दिवाळी झाली की पूर्व विदर्भात झाडीपट्टी रंगभूमीचा, म्हणजे तिथल्या गावोगावच्या नाटकांचा, हंगाम सुरू होतो. वडसा-देसाईगंजपासून ब्रह्मपुरी, लाखांदूर, अर्जुनी मोरगावपर्यंत भिंती नाटकांच्या पोस्टरांनी भरून जातात. याच रंगभूमीवरचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. पोस्टरवर नाटक मंडळाचं नाव असतं, नटनट्यांची नावं असतात, कधी कोपऱ्यात प्रेसचं नावही असतं. पोस्टर कोणी केलं ते मात्र कुठेच नसतं.

विदर्भात तालुक्याच्या ठिकाणी बसून डिझाइन करणाऱ्यांना कमी काय पडतं, असं मला कोणी विचारलं तर मी दोनच गोष्टी सांगतो: नाव आणि नोंद. हातात कसब कमी नाही. कृषी केंद्राचं पत्रक, बचत गटाच्या हळदीचं लेबल, लग्नपत्रिका, भजनी मंडळाची पुस्तिका, जिनिंगचा बोर्ड, घंटागाडीवरचं स्टिकर ही सगळी खऱ्या गिऱ्हाइकाने सांगितलेली आणि लोकांनी रोज वापरलेली कामं आहेत. व्यावसायिक डिझाइन पुरस्कारांची पहिली अट तीच असते. काम कोणासाठी तरी झालेलं आणि बाहेर वापरात आलेलं असलं पाहिजे. फक्त पुरस्कार मिळवायला रचलेलं काम पकडलं गेलं की बाद होतं. आपल्याकडे ती अडचणच नाही. अडतं ते पुढे: काम झाल्यावर त्याची प्रत राहत नाही, फोटो राहत नाही, तारीख सांगता येत नाही, आणि स्पर्धेची जाहिरात दिसते तेव्हा हाताशी काहीच नसतं.

म्हणून हा लेख स्पर्धांच्या यादीपासून सुरू होत नाही. ती यादी पुढे येईलच.

आधी कामावर आपलं नाव

पुस्तकाच्या सुरुवातीला एक पान असतं. त्यावर प्रकाशक, मुद्रक, अक्षरजुळणी, मूल्य असं सगळं छापलेलं असतं. त्यात ‘मुखपृष्ठ व मांडणी’ ही एक ओळ आलीच पाहिजे. स्मरणिका, दिवाळी अंक, शाळेचा वार्षिक अंक, सहकारी संस्थेचा अहवाल, सगळीकडे हेच. परवानगी मागत बसलात तर ‘बघू नंतर’ असं उत्तर येतं. पहिल्याच प्रूफमध्ये, म्हणजे छपाईआधी तपासायला देतो त्या नमुन्यात, ओळ टाकून पाठवा आणि सोबत निरोप द्या: ‘दादा, मुद्रकाच्या नावाखाली मुखपृष्ठाची ओळ टाकली आहे, बघून घ्या.’ दहापैकी आठ-नऊ जण काही म्हणत नाहीत.

पत्रक आणि पोस्टरवर एका कडेला बारीक अक्षरात नाव चालतं. लेबलवर जागा नसते आणि तिथे नाव शोभतही नाही, म्हणून तिथे हट्ट धरू नका. निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव कायद्यानेच लागतं, तसं डिझायनरच्या नावाचं बंधन कुठेच नाही. त्यामुळे हे ज्याचं त्यालाच करावं लागतं.

इथे कायद्याचं थोडं बोलतो, कारण पुढे प्रत्येक प्रवेशिकेत ‘या कामाचे हक्क कोणाकडे आहेत’ असा प्रश्न येतो. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. तुम्ही एखाद्या प्रेसमध्ये पगारावर असाल, तर कलम १७ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर त्या कामाचा पहिला मालक तुमचा मालकच असतो. तुम्ही स्वतंत्र काम करत असाल तर हक्क दुसऱ्याला देण्यासाठी कलम १९ प्रमाणे लेखी करार आणि सही लागते. त्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरती. सगळ्यात कामाचं आहे कलम ५७. हक्क विकले तरी ‘हे काम मी केलं’ असं सांगण्याचा कर्त्याचा अधिकार त्याच्याकडेच राहतो. आपल्याकडे बऱ्याच मुलांना वाटतं की पैसे घेतले, फाइल दिली, आता आपलं काही राहिलं नाही. तसं नाही.

तरीही स्पर्धेसाठी गिऱ्हाइकाची लेखी संमती घेऊन ठेवा. मोठा करार नको, लेटरहेडवर तीन ओळी पुरतात:

‘आम्ही आमच्या हळदीच्या लेबलचं डिझाइन श्री./श्रीमती ______ यांच्याकडून करून घेतलं. ते ______ महिन्यापासून वापरात आहे. हे काम स्पर्धा, प्रदर्शन व कामाचे नमुने म्हणून दाखवण्यास आमची हरकत नाही.’ खाली सही, शिक्का, तारीख.

हे पत्र बिल देताना घ्या. तेव्हा गिऱ्हाईक खुशीत असतं आणि शिक्काही समोरच असतो. सहा महिन्यांनी गटाच्या अध्यक्ष बदललेल्या असतात आणि सचिव फोन उचलत नाहीत.

नोंद: प्रत्येक कामाचं एक पाकीट

संगणकात वर्ष, गिऱ्हाईक आणि कामाच्या नावाचं फोल्डर करा. आत कच्ची रेखाटनं, नापसंत झालेले दोन-तीन पर्याय, छपाईला गेलेली शेवटची फाइल, तिची पीडीएफ, बिलाची प्रत आणि वापरातले फोटो असू द्या. नापसंत पर्याय पुसू नका. काम कुठून कुठे गेलं ते परीक्षकांना त्यांच्यावरूनच कळतं.

फाइल ठेवताना दोन आवृत्त्या ठेवा. एकीत मजकूर जिवंत, म्हणजे बदलता येणारा, दुसरीत कर्व्ह केलेला, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या रेघा केलेला, फॉन्ट नसला तरी तसाच दिसणारा. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या मशीनवर उघडला की नुसती इंग्रजी खुणाक्षरं दिसतात. विंडोज बदललं, मशीन फॉरमॅट झालं की चांगली चांगली कामं अशीच हातची जातात.

छापील प्रती प्रेसमधूनच बाजूला काढा. दहा-बारा प्रती वर्तमानपत्रात गुंडाळून कोरड्या जागी सपाट ठेवा. काही स्पर्धांना प्रत्यक्ष वस्तू लागते आणि ती परत येत नाही. फ्लेक्सचं वेगळं आहे. आपल्याकडच्या उन्हात एका उन्हाळ्यात त्याचा लाल रंग उडतो, म्हणून तो ज्या दिवशी लागला त्याच दिवशी फोटो काढा.

फॉन्ट आणि चित्रं: बाद होण्याचं सगळ्यात मोठं कारण

हे लिहिलं तर काहींना आवडणार नाही, पण आपल्या भागातल्या दुकानांत चालणारी बरीच सॉफ्टवेअरं आणि फॉन्ट परवान्याशिवायचे असतात. प्रवेशिकेत तुम्ही लिहून देता की कामातली प्रत्येक गोष्ट तुमची आहे किंवा परवान्याने घेतलेली आहे. मुखपृष्ठावरचं फूल गुगलवरून उचललेलं असेल तर ते काम स्पर्धेला पाठवू नका, कितीही चांगलं झालेलं असलं तरी.

पैसे नसतील तरी रस्ता आहे. मुक्ता, बालू, हिंद, एक्झार, मोदक, तिरो देवनागरी हे फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत आणि व्यवसायात वापरता येतात. मुक्ता आणि बालू तर मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने केले आहेत आणि त्यांची मराठी जोडाक्षरं नीट बसतात. वेक्टर कामासाठी, म्हणजे कितीही मोठं केलं तरी न फाटणाऱ्या रेखांकनासाठी, इंकस्केप, पुस्तकाच्या मांडणीसाठी स्क्रायबस, चित्रासाठी क्रिता ही सॉफ्टवेअरं मोफत आहेत. चित्रासाठी फोटो लागलाच तर स्वतः काढा. संत्र्याची बाग, कापसाचं बोंड, मोहाची फुलं यांचा फोटो विकत घ्यायची पाळी विदर्भातल्या माणसावर येऊ नये.

एआयने केलेलं चित्र असेल तर स्पष्ट सांगा. अलीकडे बऱ्याच स्पर्धांच्या अर्जात तो प्रश्न असतो, आणि लपवलेलं उघडं पडलं तर नुसती प्रवेशिका जात नाही, नाव जातं.

कुठे पाठवायचं

आता स्पर्धा. जवळून सुरुवात करून लांब जाऊ, कारण पैसा आणि अनुभव दोन्ही त्याच क्रमाने जमतात.

पहिलं ठिकाण महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शन. राज्याचं कला संचालनालय ते भरवतं. त्यात विद्यार्थ्यांचा आणि कलाकारांचा असे दोन विभाग असतात, आणि चित्र-शिल्पाच्या बरोबरीने उपयोजित कलेचाही गट असतो. ग्राफिक डिझाइनला आपल्या शासकीय भाषेत उपयोजित कलाच म्हणतात. ‘आपल्यासाठी नाही’ असं समजून मुलं जाहिरात वाचतच नाहीत, म्हणून मुद्दाम सांगतो. नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयात या प्रदर्शनाची माहिती मिळते. तिथे शिकत नसलात तरी जाऊन विचारायला हरकत नाही. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचं कार्यालयही नागपुरातच आहे. त्यांच्या कला प्रदर्शनांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. सरकारी प्रमाणपत्राचा ग्रामीण भागात उपयोग मोठा असतो. पंचायत समिती असो की बँक, त्या कागदाकडे लोक गांभीर्याने बघतात.

दुसरं, पुस्तकं आणि दिवाळी अंक. दिवाळी अंकांच्या स्पर्धा महाराष्ट्रात अनेक संस्था घेतात, आणि त्यातल्या काही मुखपृष्ठ आणि सजावटीची वेगळी दखल घेतात. अंक संपादक पाठवतो, डिझायनर नाही, म्हणून संपादकाला आठवण तुम्हीच करून द्यायची. भारतीय प्रकाशकांचा महासंघ दरवर्षी उत्कृष्ट ग्रंथनिर्मितीचे पुरस्कार देतो. त्यात भारतीय भाषांतली पुस्तकं घेतली जातात. तिथेही प्रवेशिका प्रकाशकाकडून जाते. १९२३ साली स्थापन झालेल्या विदर्भ साहित्य संघापासून गावोगावच्या छोट्या प्रकाशकांपर्यंत आपल्याकडे ग्रंथव्यवहार आहे. त्यामुळे चांगली मुखपृष्ठं करणाऱ्याला काम आणि ओळख दोन्ही याच वाटेने लवकर मिळतात, असं माझं मत आहे.

तिसरं, पॅकेजिंग. भारतीय पॅकेजिंग संस्थेचे इंडियास्टार पुरस्कार आहेत. आपल्या भागात वायगावची हळद, भिवापूरची मिरची, नागपूरची संत्री ही भौगोलिक मानांकन मिळालेली पिकं आहेत, आणि त्यांच्यावर प्रक्रिया करणारे गट आणि शेतकरी कंपन्या वाढत आहेत. म्हणजे लेबलांची कामं येणारच आहेत. जगभरच्या पॅकेजिंगसाठी पेंटअवॉर्ड्स आहेत, २००७ पासूनचे, पण ते पुढच्या टप्प्यावर.

चौथं, अक्षर. मराठी माणसाची खरी ताकद इथे आहे. अक्षररचनाकार र. कृ. जोशींनी मायक्रोसॉफ्टसाठी केलेला मंगल फॉन्ट वर्षानुवर्षं देशभरच्या संगणकांवर राहिला. कमल शेडगे यांनी नाटकांच्या नावांची केलेली अक्षरं मराठी घराघरांत ओळखीची झाली. सुलेखनकार अच्युत पालव यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. मुंबईच्या आयआयटीमधल्या डिझाइन विभागाने २००८ मध्ये टायपोग्राफी डे हा अक्षररचनेवरचा उपक्रम सुरू केला. त्यात पोस्टर स्पर्धा असते आणि विषय दिलेला असतो. विद्यार्थी आणि नवखा व्यावसायिक, दोघांसाठीही अखिल भारतीय पातळीवर उतरायची ही चांगली जागा आहे. पूर्ण फॉन्ट केला असेल तर लॅटिनखेरीजच्या (म्हणजे इंग्रजीची रोमन लिपी सोडून बाकीच्या) लिप्यांसाठी ग्रानशान ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा आहे. दुकानाच्या पाट्या हाताने रंगवणारे पेंटर तुमच्या गावात अजून असतील तर त्यांच्या अक्षरांपाशी बसा. त्यावर उभं राहिलेलं पोस्टर कुठल्याही परीक्षकासमोर वेगळं दिसेल.

पाचवं, सरकारी बोधचिन्ह स्पर्धा. रुपयाचं चिन्ह खुल्या स्पर्धेतूनच आलं. डी. उदय कुमार यांची रचना १५ जुलै २०१० रोजी स्वीकारली गेली आणि बक्षीस अडीच लाख रुपयांचं होतं. २०१४ मध्ये स्वच्छ भारत अभियानाचं गांधीजींच्या चष्म्याचं बोधचिन्ह केंद्र सरकारच्या मायगव्ह संकेतस्थळावरच्या स्पर्धेतून निवडलं गेलं. ते कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांचं होतं आणि बक्षीस ५० हजार रुपये. महानगराबाहेर बसलेल्या माणसाचं काम पुढे नोटांवरही छापलं गेलं, हे उदाहरण मी मुलांना नेहमी देतो.

पण दुसरी बाजूही माहीत असू द्या. अशा स्पर्धेत हजारो जण फुकट काम करतात आणि मोबदला एकालाच मिळतो. डिझायनरांची जागतिक परिषद, जी १९६३ मध्ये इकोग्राडा नावाने सुरू झाली, मोबदल्याच्या हमीशिवाय काम करून घ्यायच्या या पद्धतीला विरोध करत आली आहे. नियमांत बहुतेक वेळा विजेत्या कामाचे सर्व हक्क आयोजकाकडे जातात असं असतं. ते योग्य आहे, बोधचिन्ह त्यांचंच होणार असतं. ‘सर्व प्रवेशिकांचे हक्क आयोजकाकडे’ असं लिहिलेलं असेल तर मात्र तिथून उठा, मग आयोजक कोणीही असो. विद्यार्थ्यांनी अशा स्पर्धांत जरूर उतरावं, सराव होतो. दुकानावर घर चालवणाऱ्याने वर्षातून एखादीच निवडावी, विषय मनापासून आवडला तर.

यानंतर देशातले आणि परदेशातले मोठे पुरस्कार. भारतात क्युरिअस, ज्याचं सन्मानचिन्ह हत्तीचं असतं. लंडनचा डी अँड एडी, १९६२ पासूनचा, पेन्सिलीचं सन्मानचिन्ह. त्याचाच न्यू ब्लड हा नवोदितांसाठीचा भाग आहे. त्यात खऱ्या कंपन्या विषय देतात, आणि तो सोडवताना जे शिकायला मिळतं ते निकालाहून मोठं असतं. न्यूयॉर्कचा टाइप डायरेक्टर्स क्लब १९४६ पासूनचा. जर्मनीचे रेड डॉट आणि आयएफ. शेवटच्या दोघांत प्रवेशशुल्क तर असतंच, शिवाय निवड झाल्यावर विजेत्याला पुढेही शुल्क भरावं लागतं. नियमांत ते स्पष्ट लिहिलेलं असतं, फसवणूक नाही, पण तालुक्यातल्या स्टुडिओला ते झेपत नाही. आधीच्या पाचांपैकी दोन-तीन ठिकाणी नाव आल्याखेरीज परदेशी शुल्कात पैसे घालू नयेत, या मतावर मी ठाम आहे.

विकत मिळणारे पुरस्कार

व्हॉट्सअॅपवर निरोप येतो: ‘अभिनंदन! आपली राज्यस्तरीय कलारत्न पुरस्कारासाठी निवड झाली आहे.’ तुम्ही काहीच पाठवलेलं नसतं. मग नोंदणी शुल्क म्हणून काही हजार मागतात. एखाद्या हॉटेलच्या सभागृहात शाल, श्रीफळ, फायबरची ट्रॉफी आणि पाहुण्यांसोबत फोटो. एका दिवशी शंभर-दीडशे जणांना तेच.

ओळखायला सोपं आहे. काम न बघता निवड झाली का? परीक्षकांची नावं जाहीर आहेत का, आणि ती माणसं डिझाइनमधली आहेत का? मागच्या वर्षीची विजेती कामं कुठे बघायला मिळतात का? पहिल्याच प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं तर पुढचे दोन विचारायचीही गरज नाही. प्रवेशशुल्क असणं हे खोटेपणाचं लक्षण नव्हे, चांगल्या स्पर्धाही शुल्क घेतात. फरक एवढाच की तिथे पैसे भरून हरता येतं.

अशा ट्रॉफीचं नुकसान पैशापुरतं नसतं. पुढे एखाद्या जाणत्या माणसाने तुमच्या माहितीपत्रकात तो पुरस्कार वाचला तर बाकीच्या खऱ्या कामावरचाही त्याचा विश्वास उडतो.

फोटो

परीक्षक तुमचं लेबल हातात घेत नाहीत, फोटो बघतात. म्हणून या पायरीला वेळ द्या. महागडा कॅमेरा लागत नाही.

लेबल, पुस्तक, पत्रिका अशा छोट्या वस्तू ओसरीत सावलीला ठेवा, उन्हात नको. खाली पांढरा ड्रॉइंग पेपर, आणि उजेडाच्या उलट बाजूला थर्माकोलची पाटी उभी करा म्हणजे सावली मऊ होते. मोबाइल अगदी जवळ नेला की चौकोनी पाकीट फुगल्यासारखं दिसतं, म्हणून दोन पावलं मागे या आणि दुप्पट झूम करा. पडद्यावरच्या आडव्या-उभ्या रेघा चालू ठेवा आणि पुस्तकाची कड त्या रेघेला लावा. पिशवी चकाकत असेल तर ट्यूबलाइट बंद करून फक्त दाराचा उजेड घ्या.

भिंतीवरचं पोस्टर किंवा बोर्ड असेल तर सकाळी ऊन चढायच्या आत जा. पोस्टरच्या बरोबर मध्यावर, त्याच उंचीला मोबाइल धरा. एक फोटो नुसत्या पोस्टरचा, एक पूर्ण भिंतीचा, आणि एक माणसं ते वाचत असतानाचा. तिसरा फोटो सगळ्यात मोलाचा. एसटी स्टँडवर उभं राहून पोस्टर वाचणारे आजोबा मॉकअपमध्ये, म्हणजे संगणकावरच्या तयार नमुना-चित्रात, सापडत नाहीत. चेहरा दिसत असेल तर त्यांना विचारून घ्या. तयार मॉकअपवर चिकटवलेली कामं परीक्षक दिवसभर बघत असतात. त्यात आठवडी बाजारातल्या तराजूशेजारी ठेवलेलं खरं पाकीट आलं की नजर थांबते.

आकाराचे नियम प्रत्येक स्पर्धेत वेगळे असतात, ते जसेच्या तसे पाळा. पडद्यावर बघायच्या प्रवेशिकेला बहुतेक ठिकाणी आरजीबी (पडद्यावरच्या रंगांची) जेपीईजी लागते. छपाईच्या चार शाईंची सीएमवायके फाइल तशीच चढवली तर काही ठिकाणी रंग मळके दिसतात.

दीडशे शब्दांची गोष्ट

प्रवेशिकेसोबत कामाचं छोटं वर्णन लिहावं लागतं, आणि इथे आपली माणसं सगळ्यात जास्त अडतात. समजा समुद्रपूर तालुक्यातल्या एका महिला बचत गटाच्या हळदीचं लेबल तुम्ही केलं आहे. बहुतेक जण असं लिहितात:

‘वायगाव हळदीची समृद्ध परंपरा आणि आधुनिकता यांचा सुंदर संगम साधणारं आकर्षक, नावीन्यपूर्ण पॅकेजिंग.’

यात कोणत्याही मसाल्याचं नाव घाला, वाक्य तसंच चालतं. आता हे बघा:

‘गटाची हळद आठवडी बाजारात आणि नागपूरच्या प्रदर्शनांत विकली जाते. जुन्या लेबलवर नाव, वजन, भाव सगळं एकाच आकाराच्या अक्षरात होतं. पाकिटं भरणाऱ्या वयस्क महिलांना १०० आणि २५० ग्रॅमची लेबलं पटकन वेगळी काढता येत नव्हती. नव्या लेबलवर १०० ग्रॅमला एक हळकुंड, २५० ला दोन, ५०० ला तीन आहेत. छपाई दोनच रंगांत, कारण गट एका वेळी थोडीच लेबलं छापून घेतो. लेबल पाऊचच्या वरच्या अर्ध्या भागातच आहे, कारण गिऱ्हाईक हळदीचा रंग बघूनच घेतं. शाकाहाराचं हिरवं चिन्ह समोर नावाजवळ. अन्नसुरक्षा परवान्याचा (एफएसएसएआय) क्रमांक, बॅच आणि तारीख मागच्या बाजूला एका चौकटीत, तारखेची जागा पेनने लिहिता येईल अशी.’

दुसऱ्या मजकुरात एकही विशेषण मिरवायला आणलेलं नाही. अडचण काय होती, कोणाची होती, तुम्ही काय केलं, आणि तसंच का केलं, एवढंच आहे. ‘का’ ला उत्तर असलेलं प्रत्येक वाक्य ठेवा, नसलेलं काढा. दोन रंगांची मर्यादा लपवू नका. कमी पैशात काम नेमकं बसवलं आहे, हे परीक्षकाला त्यावरूनच दिसतं. विक्री वाढली असेल तर गटाच्या वहीतला आकडा द्या. वहीत आकडा नसेल तर विक्रीबद्दल काहीच लिहू नका, अंदाज तर नकोच.

बऱ्याच प्रवेशिका इंग्रजीत लागतात. आधी मराठीत असं पूर्ण लिहून काढा, मग भाषांतर करा, आणि कनिष्ठ महाविद्यालयातल्या इंग्रजीच्या सरांकडून किंवा मॅडमकडून एकदा वाचून घ्या. हळकुंड, आठवडी बाजार, बचत गट हे शब्द तसेच ठेवून पुढे अर्ध्या वाक्यात समजावून सांगा. देवनागरी मजकूर असलेल्या कामाला उच्चार आणि अर्थ यांची वेगळी पट्टी जोडा, म्हणजे परदेशी परीक्षकाला अक्षराची गंमत कळते.

पाठवताना

शेवटच्या रात्रीवर सोडू नका. आपल्याकडे लोडशेडिंग आहे, नेट जातं, आणि मुदत संपताना संकेतस्थळंही मंदावतात. लंडनच्या स्पर्धेची रात्री १२ ची मुदत आपल्या पहाटेपर्यंत जाते: हिवाळ्यात साडेपाच, उन्हाळ्यात साडेचार. परदेशी शुल्क भरायचं असेल तर बँकेच्या अॅपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर आधी सुरू करून घ्या. भारतीय स्पर्धांत शुल्कावर जीएसटी वेगळा आहे का ते बघा. लवकर भरणाऱ्याला आणि विद्यार्थ्याला बऱ्याच ठिकाणी सवलत असते. एकच काम चार गटांत टाकायचा मोह होतो, पण प्रत्येक गटाचं शुल्क वेगळं असतं. ज्या गटात ते सगळ्यात नेमकं बसतं तो एक निवडा.

श्रेयाच्या रकान्यात सगळ्यांची नावं घाला. चित्र काढणारी, मजकूर लिहिणारा, छपाई करणारा प्रेसवाला, सगळे. निकालानंतर नाव वाढवून मिळत नाही, आणि गावातले संबंध अशाच गोष्टींवरून तुटतात.

निकालानंतर

निवड झाली तर नियमांत सांगितलेलेच शब्द वापरा. अंतिम यादीत आला असाल तर ‘अंतिम यादीत निवड’ असंच लिहा, ‘विजेता’ लिहू नका. बक्षिसाच्या रकमेसाठी पॅन लागतं आणि त्यातून कर कापला जाऊ शकतो. जिल्हा आवृत्तीच्या वार्ताहराला स्वतःच्या सत्काराच्या फोटोऐवजी कामाचा फोटो आणि गिऱ्हाइकाचं नाव द्या. बचत गटाच्या नावासह बातमी आली की पुढचे दोन गट स्वतःहून येतात. दरही वाढवा. जुन्या गिऱ्हाइकांना तोंडी सांगून, नव्यांना लेखी कोटेशनमधून.

निवड झाली नाही तर त्या वर्षीची विजेती कामं एकेक करून बघा आणि आपल्या गटात काय आलं होतं ते वहीत लिहा. तेच काम पुढच्या वर्षी चालणार असेल तर फोटो आणि मजकूर सुधारून पुन्हा पाठवा. बहुतेक ठिकाणी काम वापरात आल्याची ठराविक मुदत असते, ती आधी तपासा.

एक गोष्ट मात्र कोणत्याही स्पर्धेची वाट न बघता करता येण्यासारखी आहे. तालुक्यातले डीटीपीवाले, फ्लेक्सवाले, पेंटर आणि प्रेसवाले मिळून वर्षातून एकदा सार्वजनिक वाचनालयात कामांचं प्रदर्शन भरवा. २७ एप्रिलला जगभर डिझाइन दिन पाळतात, तीच तारीख घ्या. प्रत्येकाची तीन कामं, प्रत्येकाखाली नाव, गिऱ्हाईक आणि महिना-वर्ष. नागपूर किंवा अमरावतीच्या कला महाविद्यालयातल्या एखाद्या शिक्षकांना बोलवा, त्यांचा एसटी किंवा रेल्वेचा खर्च सगळ्यांनी वर्गणीतून करा, आणि त्यांच्याकडून प्रत्येक कामावर चार ओळींचा लेखी अभिप्राय घ्या. तो अभिप्राय पुढे प्रवेशिकेला जोडता येतो. वेळ संध्याकाळी पाचनंतरची ठेवा, एप्रिलच्या दुपारी कोणी घराबाहेर पडणार नाही.